न तुडवलेला ढीग

मी जात्याच भित्रा. पालीला भितो, लिफ्टला भितो, फोन दोनदा वाजला तरी भितो. घरचे हसतात, हसू देत. पण नव्या कापसाची गादी घरात आली की मी महिनाभर सतरंजीवर झोपतो, आणि त्याचं कारण मी कुणाला सांगितलेलं नाही. आज सांगतो.

आमचे आबा जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. धुळ्याच्या बाहेर, शिंदखेड्याच्या रस्त्याला ती जिन होती, आणि आवारातच कामगारांच्या चार खोल्या. दिवाळी झाली की सीझन सुरू. ट्रक यायचे, बैलगाड्या यायच्या, आणि मागच्या भिंतीला लागून दोन-दोन पुरुष उंच कापसाचे ढीग लागायचे. नवा कापूस ओतला की तो फुगलेला असतो, पाय दिला की माणूस आत जातो. बाया आणि हमाल त्यावर चढून तो तुडवायचे, मग तो दबून घट्ट बसायचा. जो ढीग अजून तुडवलेला नाही, त्याच्या माथ्यावर मुकादम बाभळीची काटेरी फांदी खोसून ठेवायचा. फांदी असली की तुडवणाऱ्यांशिवाय त्या ढिगावर कुणीही चढायचं नाही. आबा सांगायचे, "फांदी दिसनी की मांगे फिरानं." आबांचा आवाज असा होता की एकदा सांगितलेलं पुन्हा विचारायची कुणाची छाती नसे.

फांदी नसलेल्या, दबलेल्या ढिगावर मात्र आम्ही पोरं भिंतीवरून खुशाल उड्या मारायचो. तेवढीच आमची चैन. तेवढी आणि कॉमिक्स.

मशीनचे पार्ट आणायला आबा महिन्यातून एकदा जळगावला जायचे. येताना स्टेशनच्या स्टॉलवरून दोन हिंदी कॉमिक्स आणायचे, एक माझं आणि एक धाकट्या बहिणीचं. ती सात वर्षांची, मी बारा. दोन कॉमिक्स दोन वेगळ्या कंपन्यांची असायची आणि त्या कंपन्यांमध्ये विळ्या-भोपळ्याचं सख्य. तिचा हिरो पाठीवर निळं कापड बांधून उडायचा. माझ्या हिरोच्या अंगात कसलीही शक्ती नव्हती, हातात एक काठी आणि डोक्यात अक्कल. मला तो आवडायचा, कारण तो घाबरायचा. चित्रात त्याच्या कपाळावर घामाचे थेंब काढलेले असायचे.

मग तिच्या कंपनीने डाव टाकला. तिचा हिरो टीव्हीवर आला, दर रविवारी दुपारी. आवारात टीव्ही एकच, मुकादमाच्या खोलीत. सगळी पोरं तिथे जमायची आणि पंधरवड्यात सगळी तिच्या बाजूची झाली. माझ्या कंपनीनेही मग मागच्या पानावर छापायला सुरुवात केली, 'लवकरच मोठ्या पडद्यावर'. नव्या महिन्यात नवं चित्र, खाली तेच 'लवकरच'. वाचकांच्या पत्रांच्या पानावर संपादक टोमणे मारायचे की खरे वीर छोट्या डब्यात मावत नाहीत. दुसरीकडून उत्तर यायचं की काही वीर पोस्टरवरच म्हातारे होणार. दिल्लीकडे बसलेली ती शहाणीसुरती माणसं भांडायची, आणि इकडे आमच्या आवारात पोरं एकमेकांचे शर्ट फाडायची.

"मन्हा टीव्हीवर दिखस. तुन्हा कोठे शे?" बहीण विचारायची.

"मन्हा शिनेमात येनार शे," मी म्हणायचो. वर्ष झालं तरी सिनेमा काही येत नव्हता. सात वर्षांची पोर चारचौघांत माझी अब्रू काढायची आणि मी दात-ओठ खायचो.

शेवटी मीच टूम काढली. सिनेमा येत नाही ना, मग आपणच करू. रविवारी टीव्हीवरची मालिका संपली की मागच्या भिंतीपाशी दोन्ही हिरोंचा खेळ करायचा, आणि ज्याचा खेळ भारी त्याची कंपनी मोठी. माझ्या बाजूला दोनच पोरं उरली होती. खेळाला काठी हवी होती, कॉमिकमध्ये होती तशीच वाकडी. शनिवारी संध्याकाळी मी भिंतीवरून सरपटत गेलो, हात लांब केला आणि शेवटच्या ढिगावरची बाभळीची फांदी उपसून घेतली. आबांच्या चाकूने तिचे काटे तासले. खेळ झाला की परत खोसू, एका दिवसाने काय होतं, असा माझा हिशोब. माझ्या बाजूच्या त्या दोघांनी मला ती काढताना पाहिलं होतं.

रविवारी जिन बंद. आबा जेवून झोपले होते. माझा खेळ आधी झाला. काठी फिरवली, एका पोराच्या गुडघ्याला लागली, सगळे हसले. मग बहीण भिंतीवर चढली. पाठीवर मायचं निळं लुगडं, हात पुढे. रोजच्या ढिगापाशी ती थांबेल असं मला वाटलं होतं. ती पुढे चालत गेली. सर्वांत उंच ढीग शेवटचा होता, आणि त्याच्यावर फांदी नव्हती.

मी ओरडायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण 'थांब' म्हटलं तर 'का?' असं सगळे विचारतील, एवढाच विचार मनात आला, आणि तेवढ्यात तिने उडी मारली.

आवाजसुद्धा झाला नाही. ती भिंत आणि ढीग यांच्या मधल्या पोकळ जागेत गेली आणि वरचा कापूस हळूच तिच्यावर घसरला. निळं लुगडं दिसलं, मग तेही दिसेना. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "गायब व्हयनी!" त्यांना तो खेळाचाच भाग वाटला. टाळ्या थांबल्या तरी ती वर येईना. पोरं एकेक करून मागे सरकली आणि पळाली. मी भिंतीवर चढलो, आणि माझ्या बाजूची ती दोघं तेवढी माझ्याशेजारी वर आली.

 माझी चड्डी ओली झाली होती. खाली माझी बहीण गुदमरत होती हे मला पुरतं ठाऊक होतं. तरी त्या दोघांच्या मानगुटी धरून मी काय केलं, ते लिहिताना आजही हात थांबतो. "फांदी मी काढी हाई कोनले सांगू नका," मी म्हणालो. "आईची आन घ्या." एकाने लगेच घेतली. दुसरा रडत होता, त्याच्याकडून मी ती दोनदा वदवून घेतली.

मग मी धावलो. झोपलेल्या आबांना उठवायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती. मी दारात उभा राहून "आबा" म्हणालो, पण आवाजच फुटला नाही. तिसऱ्यांदा फुटला. आबा अनवाणी पळाले. मुकादम आला, हमाल आले. फावडं चालवता येत नव्हतं, तिला लागलं असतं. सगळे हातांनी कापूस उपसत होते आणि उपसला त्याच्या दुप्पट वरून घसरत होता. माय नुसती उपसत होती. मी लांब उभा राहून देवाला सांगत होतो की तिला जिवंत ठेव. त्याच वेळी मनाच्या एका कोपऱ्यात ती काठी कुठे लपवायची याचाही विचार चालू होता.

मुकादमाच्या हाताला आधी लुगडं लागलं. आबांनी तिला ओढून काढलं तेव्हा तिचे ओठ काळेनिळे पडले होते. नाकात कापूस, तोंडात कापूस. आबा बोटाने तो काढत होते आणि तिच्या पाठीवर थापा मारत होते. बऱ्याच वेळाने ती खोकली, ओकली, मग रडली. आबांना रडताना मी त्या दिवशी पाहिलं, आणि त्याचीही मला भीतीच वाटली.

"फांदी कोनी काढी?" आबांनी डोळे पुसून पहिला प्रश्न हाच विचारला.

"मी खोसेल व्हती. देवनी आन," मुकादम म्हणाला. आबांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. सगळ्यांसमोर त्याला नको नको ते बोलले. तो वयाने आबांपेक्षा मोठा माणूस, मान खाली घालून ऐकत राहिला. दोन्ही पोरांनी आन पाळली. मीही गप्प होतो. आबांनी बहिणीला विचारलं, "तू फांदी देखी व्हती का?" तिने मान हलवली, नाही.

मी वाचलो. सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करायला लाज वाटते, पण वाटलं.

पुढच्या रविवारी मालिकेची वेळ झाली. आवारातली पोरं मुकादमाकडे गेली. ती गेली नाही, ओट्यावर बसून राहिली. माझं मन मला खात होतं, म्हणून मी माझं नवं कोरं कॉमिक तिच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणालो, "तुन्हा हिरो लागी गया. जात नही का?"

"मी त्याले हाक मारी नही," ती म्हणाली. मला आधी कळेना. मग म्हणाली, "कापूसमा मी तुलेच हाका मार्‍यात. तू वरच व्हता. तू त्यास्ले आन घाली ऱ्हायंता, ते माले आयकू उनं."

 ती खाली भिंतीला चिकटून होती. भिंतीलगतच्या पोकळीतून तिला एकेक शब्द ऐकू गेला होता.

"मंग आबास्ले काबर नही सांगं?" मी विचारलं. तिचा हात धरायला मी जवळ सरकलो.

ती पटकन मागे सरली, पार भिंतीपर्यंत.

"माले तुन्हं भ्याव वाटस," ती म्हणाली.