वाकडं तोंड आणि कापसाचा भाव

परवा शेजारच्या चिमुरडीच्या वाढदिवसाला फुगा तोंडाला लावला, आणि त्या रबराच्या वासानं मला थेट दारव्ह्याच्या आमच्या बैठकीत नेलं.

कापसाला भाव नव्हता, म्हणून तिथं आढ्यापर्यंत कापूस भरलेला. मला सातवा महिना. एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून सांडलं. आरशात पाहिलं, तर तोंड उजवीकडे ओढलेलं आणि डावा डोळा मिटतच नव्हता. बाळाच्या काळजीनं मी हंबरडा फोडला. डॉक्टर म्हणाले, "बाळ छान आहे. चेहऱ्याची नस सुजली आहे. रोज फुगे फुगवा." पण हवा डाव्या कोपऱ्यातून फुर्रकन निघून जायची, आणि माझं हसणंच थांबलं होतं.

त्यातच एक दिवस कापूस पाहायला व्यापारी आला. त्यानं भाव सांगितला. मी पापणी लववली की उजवाच डोळा मिटायचा. तो बावरून सासूबाईंना म्हणाला, "मावशी, सूनबाई मले डोळा काहून मारून राह्यल्या?"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचा भाव आयकून तोंड वाकडं झालं तिचं!"

तो पाय आपटत निघाला. मला हसू फुटलं, ते आवरेचना. सासूबाईंनी झटकन माझी हनुवटी धरली. "अवं, तुह्या तोंडाचा डावा कोपरा हालला!"

तो कोपरा त्यांनी बोटानं पुन्हा पुन्हा चाचपला. माझ्याइतक्याच त्याही घाबरल्या होत्या, हे मला आता कळतं. तेव्हा मात्र त्या अनवाणीच रस्त्यावर धावल्या.

"ओ भाऊ, वापस या न! अजून एकदा भाव सांगा!"