घरमालकांचा फोन खोटं बोलला

आमच्या घरमालकांइतका खरं बोलणारा माणूस सबंध भवानी पेठेत झाला नाही, आणि पेठेच्या सुदैवानं दुसरा होण्याची चिन्हंही नाहीत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं टॉवेल-चादरींचं दुकान आहे. गिऱ्हाईक चादर पसंत करून पिशवी उघडतं, तेवढ्यात हे गंभीरपणे म्हणतात, "लाल रंग पयल्या धुन्यात जातोय बघा." मी वरची खोली भाड्यानं बघायला आलो, तेव्हा खोली दाखवायच्या आधीच पाणी चार दिवसांनी येतं, गच्ची गळते आणि आपण स्वतः तापट आहोत, हे त्यांनी सांगून टाकलं. पुढं माझ्या सोयरिकीची चौकशी करायला माणसं आली, तर "पोरगा चांगला हाय, पन घोरतोय लई. खाली ऐकू येतंय," ही साक्षही त्यांचीच. माझं लग्न झालं ते सासरच्यांच्या मोठ्या मनामुळं.

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणतो. दोन वर्षांपासून काकूंना विसर पडायला लागला. त्यावरची गोळी मात्र नवऱ्यानं समोर बसून "घे" म्हटलं तरच घ्यायच्या. अशात आखातातल्या लेकीचे दिवस भरले. आईला जाणं शक्य नव्हतं, म्हणून बाळंतपणाला बापच निघाला, डिंकाचे लाडू घेऊन. तिथल्या विमानतळावर कुणी विचारलं नसताना डबा उघडून त्यांनी अधिकाऱ्याला खारकेपासून जायफळापर्यंत सगळा हिशेब दिला म्हणे.

काकू आमच्याकडं सोपवल्या होत्या. व्हिडिओ कॉलवर गोळी द्यायची असं ठरलं होतं. पण त्या देशात आपल्या फोनवरचे व्हिडिओ कॉल बंद, हे तिथं पोचल्यावर कळलं. नुसता आवाज ऐकून काकू म्हणाल्या, "आवाज कुनीबी काडंल. तोंड दावा." आणि ओठ घट्ट मिटले. जावयाकडं तोड होती. फोन भारतातच आहे असं भासवणारं एक अ‍ॅप टाकायचं, की झालं. घरमालक भडकले. "हाय हितं, आन् म्हननार तितं? माझ्या फोननं खोटं का बोलावं?"

तिसऱ्या दिवशी काकूंनी जेवणही सोडलं. मी फोन करून तसं सांगितलं. पलीकडून ऐकू आलं, "जावईबापू, टाका ते."

पडद्यावर त्यांचा चेहरा आला. काकूंनी विचारलं, "कुटं हाय तुमी?" मला वाटलं, हा माणूस आता खरं सांगणार. त्यांनी चष्मा काढून पुसला. "हितंच हाय की. भाईर दुकानात." काकूंनी तोंड उघडलं, गोळी घेतली. दोन महिने सकाळ-संध्याकाळ ते हेच खोटं बोलले. मला त्यांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

ते परत आले, गोळी घेऊन समोर बसले, तर काकू मागं सरकल्या. मला म्हणाल्या, "ह्यो कोन? आमचं हे फोनात असत्यात." घरमालक उठून दुकानात गेले आणि तिथून त्यांनी व्हिडिओ कॉल लावला.

अजूनही तसंच चालतं. मी काकूंपुढं फोन धरतो. त्या विचारतात, "कुटं हाय तुमी?"

"हितंच हाय की. भाईर दुकानात."

त्यांचा आवाज फोनच्या आधी भिंतीपलीकडून येतो. काकू फोनकडंच बघत असतात.