कांदा लाल होईपर्यंत

अक्का नसत्या तर मी नाशकात टिकले नसते, हे आधी सांगते. अक्का पाँडिचेरीच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. नव्वदनंतर गंगापूर रोडला एका बंगल्यात फ्रेंच हॉटेल निघालं, तिथलं स्वयंपाकघर त्यांच्या हाताखाली होतं. मी चंद्रपूरकडची. सातवीत शाळा सुटली, पुढे घरही सुटलं. अक्कांनी मला हाताशी कामाला ठेवून घेतलं.

सुरुवातीला गिऱ्हाईक मेनू चाळायचं आणि विचारायचं, "पनीरचं काही नाही का?" हॉल रिकामाच. हे बंद पडलं तर मी कुठे जाणार? परत जायला दार उरलं नव्हतं. त्या धास्तीनं माझे हात सारखे चुळबुळत असायचे. अक्कांनी ते पाहिलं आणि कांद्याचं सूप माझ्याकडे दिलं. "तुझे हात गप बसत नाय ना, मग कांदा हलव."

एकदा मुंबईच्या पेपरात खाण्यावर लिहिणाऱ्या बाई येणार होत्या. मालक म्हणाले, "सूप बिघडलं तर उद्या तू गावची गाडी धर."

नेमका साठवणीतला, सुका उन्हाळ कांदा संपला होता. नवा कांदा पाण्यानं भरलेला. कितीही परता, रंगच येईना. बाई येऊन बसल्या. वेटर आत डोकावला.

"अक्का, मालक विचारताय, कांदा शेतातून आणताय का?"

"हो म्हण. सटाण्याहून चालत येतोय."

मला हसू येईना. मी गॅस वाढवायला गेले, तर अक्कांनी हात धरला. "करपेल. तू इथेच राहा. बाहेर मी बघते."

पदर खोचून त्या स्वतः बाहेर गेल्या आणि बाईंना म्हणाल्या, "उशीर माझ्यामुळे झाला." भाजलेला पाव पुढे ठेवून बोलत बसल्या. मी मंद आचेवर हलवत राहिले. शेवटी कांदा लाल झाला.

बाईंनी दुसरी वाटी मागितली. पेपरात सूपबद्दल छापून आलं, मग मुंबईच्या गाड्या लागू लागल्या. पुढे इथली वाइन गाजली, तशी टेबलं आधीच ठरवून ठेवावी लागायची. माझी नोकरी राहिली. पण रोज पातेलं चढवताना मी दाराकडे बघायचे, वेटर डोकावतोय का ते.

अक्कांचे गुडघे गेले, त्या मुलाकडे पाँडिचेरीला गेल्या. नंतर मालकांनी बंगला विकला. आता तिथे मोटारसायकलींचं शोरूम आहे. सातपूरला माझी खानावळ आहे, तिथे हे सूप कुणी मागत नाही. तरी कांदा परतताना मी अजून दाराकडे बघते.

अक्का, एकदा मी उन्हाळ कांद्याची पिशवी घेऊन तुमच्याकडे येईन. तुम्ही खुर्चीत बसायचं, कांदा मी हलवेन. उशीर झाला, तर बाहेर मीच सांगेन, माझ्यामुळे झाला.