मक्याच्या रानातली कमान

दगड घडवला की पायाशी कपच्या साचतात, आणि चार माणसांत काम केलं की किस्से. मी चौथी नापास पाथरवट. पटलं तर वाचा, नाहीतर ठेवा खाली.

ऐंशी साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. मुलाकडे अमेरिकेत शॉमबर्गला आलो होतो. तिथली घरं लाकडाची. भिंतीवर बुक्की मारली तर शेजारी "कम इन" म्हणेल!

एका शनिवारी सून सुनीता गाडीनं लांब गावाकडं घेऊन गेली. मक्याच्या रानात दगडी चर्च दिसलं. "थांबव!" मी ओरडलो. तिला वाटलं, छातीत दुखतंय.

दोन हात जाड भिंती, एवढ्याशा खिडक्या आणि दारावर अर्ध्या चंद्रासारखी गोल कमान. मी जाऊन कमानीला हात लावला.

पण कमानीला चीर होती. इमारती तपासणाऱ्या सरकारी इन्स्पेक्टरनं सांगितलेलं, हिवाळ्याआधी नीट करा, नाहीतर चर्च पाडा.

* * *

दुरुस्ती गावातलीच माणसं करत होती. मी पाथरवट आहे असं सुनीतानं सांगितलं, तशी त्यांनी मलाही हाताशी घेतलं. मुकादम फ्रँक, माझ्याच वयाचा. सून मला बाबा म्हणते म्हणून तोही "बाबा" म्हणायचा!

मी हातोडीनं दगड वाजवून बघत होतो. खणखणला तर शाबूत, बद्द वाजला तर आतून फुटका.

फ्रँकनं सुनीताला विचारलं, "दगड काय म्हणतोय?"

"सांग त्याला," मी म्हणालो, "माझ्या सांध्यात सिमेंट कुणी कोंबलं, असं विचारतोय!"

कोंबलं होतं फ्रँकनंच. लाल झाला. पण दुसऱ्या दिवशी स्वतः खरवडायला बसला.

* * *

सिमेंटनं जुना दगड फुटतो, चुना त्याला सांभाळून घेतो. सिमेंट गेलं, आता चुना हवा. मी तो मुलाच्या गॅरेजमध्ये पाणी ओतून विझवला. वाफेचे लोट बघून मुलगा धावत आला. "बाबा, मी इथं इंजिनिअर आहे! लोक काय म्हणतील?"

"चुना नसता तर तुझं कॉलेज उभं राहिलं नसतं. बादली धर!"

धरली. टाय घालून.

* * *

कमानीचे दगड उतरवले, तर माथ्यावरच्या कळीच्या दगडाच्या पाठीवर छिन्नीचा छोटा बाण. घडवणाऱ्याची खूण! भिंतीत गेल्यावर कुणाला दिसणार नाही, तरी कोरलेली. माझा बापही अशाच तीन रेघा मारायचा. कुठं तो, कुठं हा! मी त्या बाणावरून बोट फिरवलं.

फ्रँकनं छिन्नी पुढं केली. मी बाणाशेजारी तीन रेघा मारल्या.

आता कमान पडली तर बापाचं नाव जाणार!

* * *

चर्चची झाडलोट मार्थाबाई करायची. ऐंशीच्या पुढची, काडीसारखी. म्हणाली, "लग्न करून याच कमानीखालून बाहेर आले. नवऱ्याला इथूनच नेलं. मलाही इथूनच जायचंय."

"घाई करू नका," मी म्हणालो, "चुना अजून ओला आहे!"

* * *

चुना सुकल्यावर कमान पेलणारा खालचा लाकडी साचा काढायचा दिवस आला. आमच्यात रीत आहे, ज्यानं कमान बांधली त्यानं साचा काढताना खाली उभं राहायचं. मी राहिलो.

"बाबा, बाहेर या!" सुनीता रडायला लागली. तपासायला आलेला इन्स्पेक्टर गाडीमागं गेला.

फ्रँकनं साच्याखालची पहिली पाचर ठोकून काढली. कर्रर्र झालं. सगळे मागं सरले.

मार्थाबाई पुढं आली. माझ्या शेजारी उभी राहिली, काखेतली छत्री उघडली आणि अर्धी माझ्या डोक्यावर धरली.

"फ्रँक," ती म्हणाली, "काढ दुसरी."

साचा निघाला, छत्रीवर दोन खडे पडले. मग काहीच पडलं नाही.