वाढत्या मापाची रेसिंग सायकल

आमच्या घरात आजवर कोणालाही स्वतःच्या मापाची वस्तू मिळालेली नाही.

फ्रॉक आणला की गुडघ्याच्या खाली वीतभर. बूट आणले की पुढे कापूस. माझी मुलगी मंजिरी पाचवीत होती तेव्हा तिच्या स्कर्टच्या आत नववीपर्यंत पुरेल एवढं कापड दुमडून शिवलेलं होतं आणि ती बिचारी ते ओझं कमरेला घेऊन रोज शाळेत जायची. (माझ्या लग्नातला कोटसुद्धा वडिलांनी वाढत्या अंगाचा शिवून घेतला होता. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो!) एका पगारात घर चालवायचं तर असंच करावं लागतं, असं माझं ठाम मत होतं आणि त्याचा मला अभिमानही होता.

एक्क्याण्णव-ब्याण्णवची गोष्ट. आम्ही खांदा कॉलनीत राहायला येऊन दोनेक वर्षं झाली होती. मंजिरी नववीत. एके दिवशी ती शाळेतून धावतच आली.

"बाबा, माझं सायकल शर्यतीत नाव आलं! पळस्पे फाटा ते कोन आणि परत!"

मला आनंद झाला. त्या आनंदात मी लाडू तोंडात टाकला आणि तेवढ्यात ती म्हणाली, "पण रेसिंग सायकल स्वतःची आणायची आहे." लाडू तिथेच अडकला.

शाळेकडे रेसिंग सायकल एकच. ती मुलांच्या शर्यतीत जाणार होती. तोवर सराव तिच्यावर करायचा, पण शर्यतीला आपली आपण. दसरा महिन्याभरानं, गुरुवारी; शर्यत त्यानंतरच्या रविवारी. शनिवारी संध्याकाळी सर सायकल तपासणार आणि सायकल नसेल तर नाव कमी. सरांनी एक चिठ्ठी दिली होती. त्यात तीनच गोष्टी लिहिल्या होत्या: वजनाला हलकी हवी, टायर बारीक हवेत आणि माप मुलीचं हवं. मुलीचं या शब्दाखाली दोन रेघा.

"वाहन दसऱ्यालाच घ्यायचं," मी जाहीर केलं. "आणि मी एकटाच जाऊन आणणार. सरप्राइज!"

"अहो, तिला घेऊन जा की," आमच्या शालिनीताई म्हणाल्या. (शालिनी म्हणजे माझी बायको. ती बरोबर बोलते तेव्हा मी तिला ताई म्हणतो. हे मला नेहमी नंतर कळतं.)

"माझ्या मुलीचं माप मला माहीत नाही? माझ्या खांद्याला लागते!"

दसऱ्याच्या सकाळी मंजिरी सरावाला गेली आणि मी पनवेलात दामूशेठच्या सायकलच्या दुकानात. बजेट ऐकून दामूशेठनं नव्या रेसिंग सायकलींच्या रांगेकडे पाठ फिरवली आणि मला कोपऱ्यात नेलं. तिथे दोन सायकली उभ्या होत्या. एक निळी. वापरलेली, लहानशी, पण ठीकठाक. दुसरी लाल, कोरी करकरीत आणि ही एवढी उंच! दोन्हींची किंमत एकच.

"ही लाल एवढी स्वस्त कशी?"

"साहेब, सहा फुटी माणसाची फ्रेम आहे. दोन वर्षं पडून आहे. पनवेलात सहा फुटी माणूस रेसिंग सायकल घेत नाही, तो थेट मोटारसायकल घेतो. तुम्ही निळी न्या. पोरीला ती बसेल."

"सहा महिन्यांत आखूड होईल!"

दामूशेठ माझ्याकडे बघतच राहिला. "सायकल?"

"मुलगी वाढते आहे, शेठ! आज निळी घ्यायची, पुढच्या वर्षी पुन्हा दुसरी? आणि बघा ना, त्याच पैशात इकडे केवढी जास्त सायकल मिळते आहे!"

"साहेब, पोरीला एकदा घेऊन या. रेसिंगमध्ये मापच बघतात."

मी हसलो. दुकानदार जुना माल खपवायला बघतोय, हे न कळण्याइतका मी दूधखुळा नव्हतो. मी लाल सायकल घेतली. सीट पार खाली करून घेतली. एवढ्यावर थांबलो असतो तरी वाचलो असतो! पण शेजारीच भांड्यांचं दुकान होतं आणि तिथे भांड्यांवर नावं घालणारा मशीन घेऊन बसला होता. आमच्याकडे पेल्यापासून पातेल्यापर्यंत नाव घातल्याशिवाय काहीही घरात येत नाही. मी सायकल त्याच्यापुढे आडवी केली. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग सायकलीकडे, आणि मग निमूटपणे मशीन सुरू केलं. लाल दांडीवर चंदेरी अक्षरं उमटली: 'कु. मंजिरी हिस बाबांकडून सप्रेम भेट'. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

दुकानापासून खांदा कॉलनीपर्यंत मी सायकल हातात धरून चालत आलो. वाटेत ओळखीचे लोक विचारत होते, "अहो, बसा की वर!" मी म्हणत होतो, "पूजेआधी बसायचं नसतं." (खरं कारण असं की दुकानाबाहेर मी दोनदा टांग टाकून पाहिली होती आणि दोन्ही वेळा ती सीटपर्यंत पोहोचलीच नव्हती. आमच्या घराण्यात पाच फूट चार इंचांच्या वर अजून कोणी गेलेलं नाही.)

घरी आल्यावर पहिला धक्का शालिनीला बसला.

"अगं बाई! हँडल वाकलंय हे!"

"ते तसंच असतं. खाली वाकून चालवायची."

"कॅरियर नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही. अहो, दसऱ्याच्या दिवशी अर्धी सायकल कोण आणतं?"

तरी तिनं पूजा केली. हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. बिल्डिंगमधली सगळी मंडळी जमली. तेवढ्यात मंजिरी आली. सायकल बघून तिचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं! ती धावत आली आणि सायकलीशेजारी उभी राहिली.

सीट तिच्या बरगड्यांपर्यंत येत होती.

"बसून तर बघ," मी म्हणालो. ती चढेना, म्हणून एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं शालिनीनं धरून तिला वर बसवलं. पाय खाली सोडले. पेडल अजून वीतभर खाली होतं. हात पुढे केले तर हँडल तिकडेच. वर नुसती बसलेली आमची लेक आणि खाली तोल सांभाळणारे आम्ही दोघं!

"वाढेल हो उंची," मी जमलेल्या लोकांना म्हणालो. "वर्षभरात बरोबर बसेल."

"बाबा," मंजिरी वरून हळूच म्हणाली, "शर्यत रविवारी आहे."

ती उतरली आणि आत गेली. रडली असती, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त सरावाचे बूट पुसले आणि कपाटात सगळ्यात मागे ठेवून दिले. महिनाभर ही पोर पहाटे उठून, डबा भरायच्या आधी सरावाला पळत होती आणि मी तिच्या शर्यतीचा असा बोऱ्या वाजवला होता. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुपारी मी सायकल घेऊन पुन्हा दामूशेठपुढे.

"सीट अजून खाली होईल?"

"आता सीट दांडीला टेकली. अजून खाली म्हणजे जमिनीत घालू काय?"

"मग परत घ्या आणि निळी द्या!"

दामूशेठनं चष्मा लावला आणि दांडीवरचं नाव मोठ्यानं वाचलं. गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. नावं घालणारासुद्धा शेजारून डोकावला.

"साहेब, ही आता मी कोणाला विकू? पनवेलात मंजिरी नावाची सहा फुटी बाई दाखवा, आत्ता परत घेतो!" मग त्याला माझी दया आली असावी. "निळी शनिवारपर्यंत राखून ठेवतो. ही कुठेतरी विका आणि ती न्या."

शुक्रवारी मी ऑफिसात रजा टाकली. शालिनीच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेतली आणि सायकल हातात धरून मैदानावर गेलो. उंच माणूस दिसला की थांबवायचं, आधी कमरेपासून टाचेपर्यंत पाय मोजायचा आणि जमत असेल तरच पुढचं बोलायचं, असा माझा शिस्तीचा कार्यक्रम होता. सात जणांचे पाय मोजले. कबड्डी खेळणारा एक जण पावणेसहा फूट निघाला, तर मला आनंदानं त्याला मिठी मारावीशी वाटली!

"काका, एवढी घाई कसली?" त्यानं विचारलं.

"रविवारच्या आत व्हायला पाहिजे. आमच्या मंजिरीचा प्रश्न आहे."

त्यानं सायकलीकडे पाहिलं. झेंडूची माळ, हळदीकुंकू, 'बाबांकडून सप्रेम भेट'. तो दोन पावलं मागे सरला आणि मैदान सोडून पळाला. मला वाटलं, लाल रंग आवडला नसेल.

संध्याकाळी दार धाडकन उघडलं आणि तळमजल्यावरच्या पाटीलकाकू आत आल्या. काकूंचं माहेर बेलपाड्याचं. एरवी त्या आल्या की घर हसत असे. आज त्यांचा चेहरा बघून मी खुर्चीतून उठलोच.

"सायेब, तुमी शिकलेली मानसं! तुमाला शोभतं काय?"

"काय झालं काकू?"

"काय झालं इचारताव? पोर अजून नववीत हाय, आन् तुमी सायकल हुंड्यान घालून तिला नवरा शोधताव?"

मी घाईघाईनं टेप खिशात कोंबली.

"सगल्या कॉलनीन बोभाटा झालाय! आन् नवराच बघायचा तं नोकरी बघा, शेती बघा. पाय कसले मोजताव?"

शालिनीच्या हातातली वाटी खाली पडली. "अहो! माझी टेप यासाठी नेलीत?"

"अगं नाही! सायकलीसाठी!"

"म्हंजी सायकल देनार हाय ना!" काकू कडाडल्या. "यो कायद्यात बसत नाय, सायेब! पोलीस येतील दारान!"

मी बोलायला जावं तो जास्तच रुतावं, असं चाललं होतं. शेवटी मंजिरी बाहेर आली आणि तिनं चार वाक्यांत सगळं सांगितलं: सायकल मोठी आणली, नाव घातलं, परत घेत नाहीत, उद्या संध्याकाळी माझं नाव कमी होणार.

पाटीलकाकू सायकलीपाशी गेल्या. वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. मग माझ्याकडे बघून त्या हसायला लागल्या त्या थांबेचनात. पदर तोंडाला लावून भिंतीला टेकल्या.

"पोरी, तू बूट काढून ठेव," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्या भावाचा पोर हाय, काशिनाथ. त्याला आमच्या दारातून वाकून यावा लागतं. सकाली बलावते."

शनिवारी सकाळी काशिनाथ आला तो खरोखरच वाकून आला. त्यानं सहज टांग टाकली, कॉलनीला दोन चकरा मारल्या आणि खूश होऊन परत आला. सायकल त्याच्याखाली अशी शोभत होती की मला क्षणभर माझ्या निवडीचं कौतुक वाटलं. मग त्यानं दांडीवरची अक्षरं वाचली.

"यो नाव पुसून जाल?"

"नाही," मी म्हणालो. "मशीननं घातलंय."

त्यानं थोडा विचार केला. "नाय तं नाय. दिवालीनंतर माझा लगीन हाय. लग्नान बायकोचा नाव बदलतातच. मंजिरी ठेवू."

"पण… बाबांकडून?"

"सासऱ्याला सांगू, तुमीच दिली म्हनून. त्योबी खूश!"

एवढ्या सहजपणे माझी अब्रू वाचवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दुपारी त्याच्या पैशांत निळी सायकल घरी आली. यावेळी मंजिरी बरोबर होती. ती दुकानातच सीटवर बसली आणि पाय पेडलवर अलगद टेकले. दामूशेठनं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, ते फार लागलं. संध्याकाळी सरांनी सायकल तपासली आणि नाव कायम झालं.

रविवारी पळस्पे फाट्यावर आम्ही सगळे हजर होतो. कोनहून परतणाऱ्या पोरी लांबवर दिसायला लागल्या तशी शालिनीनं माझा दंड घट्ट धरला. पहिली गेली, ती आमची नव्हती. दुसरी आमची! लाल झालेला चेहरा, दात आवळलेले, निळ्या सायकलीवर अशी वाकलेली की जणू दोघी एकाच तुकड्यातून कापल्यात. मी मुलीच्या नावानं इतका ओरडलो की पुढचे दोन दिवस ऑफिसात खुणांनी बोललो.

सर धावत आले. "अहो, काय सुरेख माप! मुलीला सायकल हवी तर अशी! निवडली कोणी?"

मंजिरीनं माझ्याकडे पाहिलं. शालिनीनं पाहिलं. पाटीलकाकूंनी तर कमरेवर हात ठेवून पाहिलं.

"मीच," मी म्हणालो.

व्हायचं तेच झालं. सरांनी ही कीर्ती शाळाभर पसरवली आणि पुढच्या शर्यतीच्या वेळी चार पालक माझा सल्ला घ्यायला घरी आले. मी त्यांना निराश केलं नाही. मुलांची उंची विचारली, थोडा विचार केला आणि चौघांनाही ठामपणे वाढत्या मापाच्या सायकली निवडून दिल्या. देवाच्या कृपेनं पाटीलकाकूंना अजून चार भाचे होते.