गॅलरीची घरपट्टी

फोनचं बिलसुद्धा रांगेत उभं राहून भरायचे दिवस होते. पंचवटीतल्या घरपट्टीच्या खिडकीवर मी अर्ज घेऊन उभा होतो. कपडे वाळत घालायच्या गॅलरीलाही पट्टी लावली, हा माझ्यावरचा अन्याय. शेजारच्या बंगल्याला माझ्याइतकीच, हा दुसरा.

माझ्या पुढे सुरगाण्याकडून मजुरीला आलेला एक माणूस होता. खिडकीशी पोचल्यावर त्याने चपला काढून हातात घेतल्या.

"मला बी पट्टी लावा, साहेब. नदीकडेला झोपडी हाय. पावतीबिगर रेशनकार्ड नाय भेटत."

कारकुनाने पहिल्यांदाच मान वर केली. "किती फूट?"

"सात पावलं."

"लांबी की रुंदी?"

"दोन्ही मिळून."

"झोपडीची नोंद नाही, पट्टी लागणार नाही," म्हणत कारकुनाने माझा अर्ज घेतला आणि मोठ्याने वाचला.

त्या माणसाने तो शेवटपर्यंत ऐकला. "यांना गॅलरी नको असंल, तर ती माझ्या नावावर लावा," तो म्हणाला. चेष्टा करत नव्हता.

मी अर्ज परत घेतला आणि गॅलरीसकट पट्टी भरली. कारकून पावती फाडत होता, तेव्हा तो चपला हातात घेऊन बघत उभा होता.