करंगळीतला दुसरा जंतू

"पायाच्या करंगळीत पू झालाय, अंकल. तो हाडापर्यंत उतरला तर बोट काढावं लागेल," सर्जनबाई हिंदीत म्हणाल्या. मला आधी त्या 'अंकल'चंच वाईट वाटलं. बोटाचं वाईट वाटायला लिफ्टपर्यंत जावं लागलं. तिथे वंदनाने, म्हणजे बायकोने, माझा दंड धरला तेव्हा कळलं की आपण बटण न दाबताच उभे आहोत.

कारण सांगायला लाज वाटते. भाचीच्या लग्नात मी नवे बूट घालून नामपल्लीच्या हॉलमध्ये नाचलो होतो. मधुमेह जुना असला की पायाच्या नसा मंदावतात. त्याला न्यूरोपथी म्हणतात. म्हणजे बूट चावतो आणि पायाला पत्ताच नसतो. नाचाचं कौतुक मी आठवडाभर फोनवर रंगवून सांगत होतो, आणि खाली करंगळी निळी पडत होती.

दाखल झालो. जखमेवरचा पू कापसाच्या काडीवर घेऊन कल्चरला पाठवला. कल्चर म्हणजे त्यातला जंतू वाढवून तो कोण आहे हे ओळखायचं. मग सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कोणतं औषध त्याला मारतं ते बघायचं. रिपोर्ट आला: पेनिसिलिनच्या घराण्यातलं, आधीच सुरू असलेलं औषध लागू. मी लगेच चार जणांना फोन करून बरा झालो.

ताप मात्र उतरेना. पायावरची लाली जिथे संपायची तिथे नर्स रोज पेनने रेघ मारायची. "नोप्पी उंदा?" विचारायची, दुखतंय का म्हणून. दुखत नव्हतं, हीच तर भीती होती. रोज सकाळी मी आधी पाय बघायचो, आणि लाली रेघेच्या पुढे गेलेली असायची. वंदना माझ्या पायाकडे बघायची नाही, खिडकीकडे बघत संत्रं सोलायची.

हिमायतनगरच्या आमच्या घरात कुठलाही कागद आधी नानाकाका वाचतात. ते निवृत्त वकील. लाइटबिलसुद्धा ते फिर्यादीचा अर्ज वाचावा तसं वाचतात. रिपोर्ट वाचून ते वॉर्डात आले आणि राउंडला आलेल्या सर्जनबाईंची उलटतपासणी सुरू केली. मी झोपेचं सोंग घेतलं.

"डॉक्टरसाब, ये कागज बोलता दवा लागू है. बुखार बोलता नहीं है. दोनों में झूटा कौन?"

वंदना पुटपुटली, "नानाकाका, अहो, कोर्ट नाही हे."

"मग इथे कुणी खोटं बोललं तर चालतं का, सूनबाई?"

बाई हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. रिपोर्ट पुन्हा वाचत म्हणाल्या, "झूटा कोई नहीं, अंकल. तिसरा साक्षीदार आपण बोलावलाच नसेल." काकांनाही अंकल म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं.

मग त्यांनी समजावलं. काही जंतू औषध तोडणारं एन्झाइम बनवतात, बीटा-लॅक्टमेज. एन्झाइम म्हणजे रासायनिक काम उरकणारं प्रथिन, इथे जणू कात्रीच. पेनिसिलिन जंतूच्या बाहेरच्या भिंतीवर घाव घालतं, त्यामुळे कात्री पोटात ठेवून उपयोग नाही. जंतू ती आतल्या पडद्यातल्या दारातून बाहेर, ती भिंत जिथे असते त्या दोन पडद्यांमधल्या फटीत पाठवतो. काही कात्र्या बारीक बुडबुड्यांत बसून पार बाहेर, पुवात जातात. तिथे औषध आधीच तुकडे होऊन पडतं, आणि शेजारचा साधा, सहज मरणारा जंतूही वाचतो.

"म्हणजे कागदावरचा तो गरीब," काका म्हणाले, "आणि दादा आत लपलाय."

"असू शकतो. वरवर पुसून तो सापडत नाही. आतला तुकडा काढून बघते."

त्याच दुपारी ऑपरेशन झालं. करंगळीचं टोक गेलं. बाकीची राहील का, या प्रश्नावर बाई म्हणाल्या, "अभी नक्को पूछो." आतल्या तुकड्याचा रिपोर्ट येण्याची वाट न पाहता त्यांनी औषध बदललं, त्या कात्रीला सहसा न तुटणारं. मी कुणालाही फोन केला नाही. वंदनाला त्याचीच जास्त काळजी वाटली.

दुसरा जंतू सापडला. कात्रीवालाच. तोवर लाली रेघेच्या आत सरकली होती.

तुमच्यावर अशी वेळ आली तर एवढंच सांगेन: रिपोर्ट चांगला आणि माणूस बरा नाही, असं झालं तर विचारा. नीट विचारा, काकांसारखं नको. पण काकांसारखं विचारलं तरी ऐकून घेणारे डॉक्टर असतात. मला तशा बाई भेटल्या, हे माझं नशीब.

पुढच्या ड्रेसिंगला बाईंनी जखम चिमट्याने हळूच खरवडली. लाल थेंब वर आला. "खून आ रहा, अंकल. उंगली जिंदा है." वंदना पहिल्यांदाच वाकून माझ्या पायाकडे बघत होती. मी 'अंकल' ऐकलं, आणि काही वाटलं नाही.